बाबांच्या बाजूची काच

१

आईला मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी डायलिसिसला न्यावं लागतं. आमचं गाव, ग्राबोव दोल, वर डोंगरात आहे आणि शहर खाली तिमोक नदीच्या काठी, अडतीस किलोमीटरवर. त्यातले पहिले एकवीस नुसती वळणं. दुपारी बाराला तिच्या दंडात सुया जातात, चारला निघतात. एक पाळी चुकली तर तिचे पाय सुजतात. दोन चुकल्या तर तिला आडवं झोपता येत नाही. तीन चुकल्या तर काय होईल ते डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. मी आईला ते सांगितलेलं नाही, पण तिला माहीत आहे.

दवाखान्याची व्हॅन येते. आई तिच्यातून एकदाच गेली. शेजारी बसलेल्या माणसाने काच चार बोटं खाली केली, तेव्हा आईने त्याला विचारलं, "तुम्हाला मुलंबाळं आहेत का हो?" तो म्हणाला आहेत. आई म्हणाली, "मग त्यांना बाप हवा असेल. काच वर घ्या." त्याने घेतली नाही. त्यानंतर आई व्हॅनमध्ये बसली नाही.

आमच्याकडे माणूस कशानेही आजारी पडला तरी शेवटी बोट आडव्या वाऱ्याकडेच जातं. एका खिडकीतून येतो आणि दुसरीतून जातो तो वारा. त्याने मान धरते, कान ठणकतो, मूत्रपिंडं जातात. आईची मूत्रपिंडं तशीच गेली असं तिचं ठाम मत आहे. त्यामुळे आमच्या गाडीच्या काचा एप्रिलपासून एप्रिलपर्यंत बंद असतात.

बंद काचा, आत तीन माणसं, ओले कोट आणि बिघडलेला हीटर. मग काचांवर वाफ धरणारच.

त्यावर इलाज बाबांकडे होता. गाडी बाबांची, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी. चालवायचो मी, कारण त्यांना लांबचं नीट दिसत नव्हतं. आमच्याकडे स्टिअरिंग डावीकडे असतं; ते माझ्या उजव्या हाताला बसून काच सांभाळायचे. दर रविवारी ते साबणाची कोरडी वडी आतून सगळ्या काचांवर घासायचे आणि वर्तमानपत्राच्या बोळ्याने पुसत राहायचे. काच चुंई करून वाजली की म्हणायचे, "झाली." सीटखाली जाड्या मिठाने भरलेला मोजा असायचा, हवेतली ओल ओढायला. तरीही वळणावर वाफ धरलीच तर मी काही बोलायच्या आत त्यांचा हात कागद घेऊन माझ्यासमोरून एकदा फिरायचा. मी रस्ता पाहायचो, ते काच पाहायचे.

त्यांच्या बाजूच्या दाराचं हँडल अर्ध्यावर अडायचं. तिथे ते पाव फेरा मागे घेऊन मग पुढे फिरवावं लागे. ते बाबांनाच जमायचं. मी केलं तर हँडल हातात यायचं.

२

ऑक्टोबरच्या बारा तारखेला, बुधवारी, आम्ही शहरात निघालो ते आईसाठी नव्हे. बाबांच्या छातीत सकाळपासून दुखत होतं. ते त्यांच्या जागी बसले, आई त्यांच्या मागे. निघताना आई मला म्हणाली, "काच उघडायची नाही हं रादिशा. छातीला वारा लागला तर संपलंच."

आठव्या किलोमीटरला झऱ्याची दगडी टाकी आहे. तिथे रस्ता जरा रुंद होतो. तिथे बाबा हळूच मला म्हणाले, "काच जरा खाली घे रे."

हँडल त्यांच्या बाजूला होतं. मला गाडी थांबवून वाकावं लागलं असतं. आई मागून तिच्या बहिणीला फोन करत होती. तिने ऐकलं नाही असं मला वाटलं. ऐकलं तर ती नको म्हणेल असंही वाटलं. मला कोणाचं मन मोडायचा धीर होत नाही, लहानपणापासून. मी म्हणालो, "पोचतोच आहोत बाबा."

पोचायला तीस किलोमीटर होते.

त्यांनी कपाळ काचेला टेकवलं. त्यांच्या तोंडासमोर काचेवर बशीएवढा पांढरा गोल उठत होता आणि विरत होता. तीन आखूड श्वास आणि एक लांब. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून तो गोल पाहत गाडी हाणत होतो. नदीवरच्या पुलाच्या अलीकडे तो विरला. पुन्हा उठला नाही.

हे मी कोणाला सांगितलं नाही. बाबांनी काच मागितली होती, एवढं एक वाक्य. आईला तर नाहीच.

३

गोल पहिल्यांदा दिसला तो त्यानंतर सतरा-अठरा दिवसांनी. दिवस रविवारचा, सकाळ, कोरडी थंडी. मी काचा पुसायला गेलो. गाडी आदल्या संध्याकाळपासून शेडमध्ये उभी होती. आत कोणी नव्हतं. सगळ्या काचा लख्ख होत्या आणि बाबांच्या बाजूच्या काचेवर, आतून, बशीएवढी वाफ होती.

मी आठवीनंतर शाळा सोडली, पण आरा गिरणीत चार वर्षं लाकूड सुकवायच्या खोलीवर काम करतो आहे. ओल कुठून येते आणि कुठे जाते हे मला कळतं. ओलीला कारण असतं. मी खालचा गालिचा उचलला. कोरडा. दाराचं रबर चाचपलं. धड होतं. मिठाचा मोजा पिळून पाहिला, मीठ सुटं होतं. मी गोल कागदाने पुसला आणि शेडच्या दाराशी जाऊन उभा राहिलो. परत येऊन पाहिलं तर तो तिथेच होता. तेवढाच, त्याच उंचीवर.

मी व्लास्ता काकांना बोलावलं. ते आमचे शेजारी. तीस वर्षं त्यांनी या डोंगरात बस चालवली. हल्ली त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, पण गाडीबद्दल कोणी काही विचारलं की चालतच येतात.

"वाफ धरते?" ते म्हणाले. "गाडीला तुझ्यासारखं कोणी भेटलं नसेल. बोलत नाहीस, नुसता श्वास घेतोस."

"काका, एकाच काचेवर धरते."

"कुठल्या?"

मी दाखवली. ते काचेच्या अगदी जवळ नाक नेऊन बघत राहिले. त्यांना काय दिसलं कोण जाणे. सरळ झाल्यावर त्यांची थट्टा कमी झाली होती.

"बटाटा लाव," ते म्हणाले. "अर्धा कापायचा, कापलेली बाजू काचेवर घासायची, सुकू द्यायचं. बसमध्ये मी तेच करायचो. प्रवासी म्हणायचे, व्लास्ता, आज भाजीचा वास येतोय. मी म्हणायचो, रस्ता दिसावा म्हणून."

"आणि बटाट्याने नाही गेली तर?"

"मग दाढीचा फेस. फासायचा आणि कोरड्या फडक्याने पुसून काढायचा. त्यावर वाफ टिकली तर मी मिशा काढीन."

त्यांनी जाताना गाडीच्या टपावर दोनदा थाप मारली. बाबांच्या पाठीवर मारायचे तशी.

४

बटाट्याने बाकीच्या काचा झकास झाल्या. गोल गेला नाही.

दाढीचा फेस घरात एकच होता. बाबांचा. न्हाणीतल्या फळीवर त्यांचा डबा अजून तसाच उभा होता, तोंडाशी सुकलेल्या फेसाची गुठळी घेऊन. मी आई झोपली असताना तो घेतला, सगळ्या काचांना फासला आणि बाबांच्या जुन्या बनियनने पुसला. मला ते बरं वाटलं नाही. पण आईला वळणांवरून न्यायचं होतं आणि समोरची काच पुसायला आता शेजारी कोणी नव्हतं.

गुरुवारी आई गाडीत बसली, मागे, बाबांच्या सीटमागे. पुढे बस म्हटलं तर ऐकत नव्हती. दार लावल्यावर तिने नाकाने दोनदा श्वास ओढला.

मग म्हणाली, "दाढी केल्यासारखा वास येतोय."

"काचांना फेस लावलाय, आई. व्लास्ता काकांनी सांगितलं."

"हं," ती म्हणाली. "बरं केलंस."

समोरची काच इतकी स्वच्छ होती की काच नाहीच असं वाटत होतं. मागची, माझ्या बाजूची, सगळ्या तशाच. मी पहिल्या वळणापर्यंत उजवीकडे बघायचं टाळलं. मग बघितलं. गोल उठत होता आणि विरत होता. तीन आखूड, एक लांब.

मी माझा श्वास रोखला. गोल थांबला नाही. मग आरशात आईकडे पाहिलं. ती नाकातोंडावरून शाल घेऊन बसली होती. तिची वाफ तिथवर पोचणं शक्य नव्हतं. रस्त्याच्या हादऱ्याने असेल, मी मनाशी म्हणालो. चाकं खड्ड्यातून जातात, हवा हलते, वाफ कमी-जास्त होते. पुढे तिमोकच्या काठचा सरळ रस्ता लागला, गुळगुळीत डांबर. तिथेही तीन आखूड, एक लांब.

आई काचेकडेच बघत होती. हे मला नंतर आठवलं.

त्या संध्याकाळी परत आल्यावर तिने स्वयंपाकघराच्या खिडकीतला ग्लास उचलून दिव्यासमोर धरला. माणूस गेल्यावर चाळीस दिवस आमच्याकडे खिडकीत पाण्याचा ग्लास ठेवतात, गेलेल्याने घरी येऊन प्यावं म्हणून. पाणी रोज थोडं कमी होतं. लोक त्यावर खूश असतात. शाळेत गेलेले म्हणतात की पाणी हवेत उडतं, तेही खरंच असणार. आमच्या ग्लासावर आईने पहिल्या दिवशी दोऱ्याने खूण बांधली होती. पाणी दोऱ्याला लागून होतं.

"घर दमट आहे," मी म्हणालो. "म्हणून उडत नाही."

आईने ग्लास जागेवर ठेवला. "घरी आलेच नाहीत ते," ती म्हणाली, आणि बीन्स गरम करायला वळली.

५

शनिवारी, एकोणीस नोव्हेंबरला, गोल मोठा झाला. बशीची ताटली झाली, ताटलीचा घमेल्याएवढा पसारा. झऱ्याची टाकी जवळ येत होती तसतशी त्या बाजूची सगळी काच पांढरी झाली आणि मग वाफ समोरच्या काचेवर सरकली. कडेने नाही, आणि खालून वरही नाही. माझ्या उजवीकडून, जिथून बाबांचा हात कागद घेऊन यायचा तिथून, ती एका दमात माझ्यासमोर आली.

मला काहीच दिसेना. मी बाहीने पुसलं. पुसलेल्या जागेवर लगेच पुन्हा धरली. मी ब्रेक दाबला आणि गाडी डाव्या अंगाला सरकली. एवढ्यात ओंडक्यांच्या ट्रकचा भोंगा वाजला, इतका जवळ की तो गाडीतच वाजल्यासारखा वाटला. ट्रक माझ्या आरशाला धडकून गेला. आरसा मोडून दारावर लोंबत राहिला.

आम्ही टाकीसमोर उभे होतो. इंजिन बंद पडलं होतं. मला ऐकू येत होतं ते दोन माणसांचं श्वास घेणं, माझं आणि आईचं. मी ते पुन्हा पुन्हा ऐकलं. दोघांचंच आहे असं स्वतःला बजावलं आणि जास्त वेळ ऐकत बसलो नाही.

"काच खाली घेऊ का जरा?" मी विचारलं. माझ्याच बाजूची, असं मला म्हणायचं होतं.

"नको," आई म्हणाली. फार घाईने म्हणाली. "वारा लागेल."

मी कागदाने पुसत, दुसऱ्या गियरमध्ये, पुढचे तीस किलोमीटर दीड तासात गेलो. सिस्टर आईला म्हणाली, "स्तानियाबाई, आज उशीर? माझी खुर्ची तुमच्या विरहात गार पडली." आई हसली नाही. तिचा रक्तदाब नेहमीपेक्षा बराच चढलेला निघाला.

रविवारी चाळिसाव्याचा विधी झाला. हिशेबाने चाळिसावा दिवस रविवारीच येत होता. आम्ही थडग्याशी शिजवलेला गहू वाटला, मेणबत्त्या लावल्या, आणि फाटकावरचं बाबा गेल्याचं, काळ्या चौकटीतलं जुनं पत्रक काढून नवं लावलं. घरी परतल्यावर रिवाजाप्रमाणे ग्लासातलं पाणी ओतून द्यायचं. आईने ग्लास उचलला, विधीला आलेल्या बायकांसमोर बघितला आणि परत ठेवला.

"अजून नाही," ती म्हणाली. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं.

मी व्लास्ता काकांना अंगणात गाठलं. "मंगळवारी तुम्ही न्याल का तिला?"

"मी?" ते म्हणाले. "लेका, मला पुसलेली काच आणि न पुसलेली काच आता सारखीच दिसते. निदान तुला फरक तरी कळतो." मग आवाज उतरवून म्हणाले, "रादिशा, वाफ कशाने जाते माहीत आहे? साबण, बटाटा, फेस, हे सगळं तात्पुरतं. खरा उपाय सगळ्या ड्रायव्हरांना ठाऊक असतो. काच बोटभर उघडायची. पण तीस वर्षांत मला बसमध्ये कोणी उघडू दिली नाही."

६

मंगळवारी मी नाही म्हणणार होतो. मी रात्रभर तेच घोकलं होतं. पण सकाळी आईचे बूट पायात शिरत नव्हते. तिने बाबांचे घातले.

निघालो तेव्हा धुकं नव्हतं. बाहेर नव्हतं. मी दोन वर्तमानपत्रं मांडीवर घेतली होती. सहाव्या किलोमीटरला बाबांच्या बाजूची काच पांढरी झाली, सातव्याला माझी, आणि टाकी दिसली तेवढ्यात समोरची. मी गाडी रुंद जागेत घेतली आणि हँडब्रेक ओढला.

चारी बाजूंनी पांढरं. सकाळचे अकरा वाजले होते आणि आम्ही दुधात बसल्यासारखे बसलो होतो. मी पुसलं नाही. पुसण्यात अर्थ नव्हता. बाबांच्या काचेवर वाफ इतकी दाट होती की तिचे ओघळ दारावर उतरत होते, आणि तरीही तिच्या मधोमध तो गोल दिसत होता, अजून दाट, अजून पांढरा. उठायचा, थांबायचा. मला वाटलं, एखादा माणूस काहीतरी विचारून उत्तराची वाट बघतो तेव्हा असाच श्वास घेतो.

बाबा दारातून का गेले नाहीत? हे मी कितीदा स्वतःला विचारलं होतं. दवाखान्यापाशी दार उघडलं होतं. त्यानंतर रोजच उघडत होतं. मग तिथे, त्या पांढऱ्यात, मला सुचलं की त्यांनी दार मागितलंच नव्हतं.

"आई," मी म्हणालो. मागे वळलो नाही. समोर बघून बोलणं सोपं होतं. "त्या दिवशी, इथेच. बाबा मला म्हणाले होते काच खाली घे. मी घेतली नाही. पोचतोच आहोत म्हणालो."

मी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले.

"मी तुला सांगितलं नाही. मला वाटलं तू ओरडशील. त्या दिवशीही तेच वाटलं."

"मी ऐकलं होतं," आई म्हणाली.

मी आरशात तिच्याकडे पाहिलं.

"फोन कानाला होता, पण बोलत नव्हते मी. तुझी मावशी बोलत होती. मी त्यांचं ऐकलं आणि तू काय करतोस ते बघत राहिले. मनात म्हटलं, पोराने उघडली नाही, शहाणा आहे पोरगा." तिचा आवाज साधा होता, बाजारात भाव विचारतात तसा. "तेवढा वारा लागला असता तर काय झालं असतं रे? मरणाऱ्या माणसाला काय झालं असतं?"



मग सीट कुरकुरली. सीट आणि दार यांच्या फटीतून तिचा उजवा हात पुढे आला. बोटं सुजलेली, अंगठी रुतलेली. तो दारावर चाचपडत हँडलपाशी गेला.

"आई, तुला वारा लागेल."

"गप बस," ती म्हणाली.

हँडल फिरलं. एक फेरा. काच दोन बोटं खाली आली आणि वरच्या फटीतून थंडी आत शिरली, एखादी पातळ पाटी सरकवल्यासारखी. दुसरा फेरा. मग हँडल अडलं, जिथे नेहमी अडतं तिथेच. आईने जोर लावला. तिच्या तोंडून कण्हणं निघालं, बोटं सुटली आणि हात सीटच्या कडेला पडला. तो मला दिसत होता. पूर्ण दिसत होता, मनगटापर्यंत, तळवा वर.

हँडल पाव फेरा मागे आलं.

मग पुढे फिरलं. सावकाश, न थांबता, शेवटपर्यंत. काच दारात उतरून नाहीशी झाली.

मी शपथेवर सांगतो तेवढंच सांगेन. आईचा हात सीटवर होता आणि माझे दोन्ही स्टिअरिंगवर. जुन्या काचेचं स्वतःचं वजन असतं, ती एकदा सुटली की खाली जाते, हेही मला माहीत आहे. पण वजनाने सुटलेली काच आधी मागे येत नाही.

समोरची वाफ विरायला लागली. आधी मधोमध, मग कडांनी. रस्ता दिसला, टाकी दिसली, टाकीच्या नळाखालचं शेवाळ दिसलं. गाडीभर वारा होता. आईने शाल डोक्यावरून घेतली नाही. ती बसून राहिली आणि वाऱ्याने तिचे केस उडत राहिले. मी तिचे केस उडताना कधी पाहिले नव्हते.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "वर घे आता. सुयांची वेळ होईल."

मी वाकून काच वर घेतली. अर्ध्यावर हँडल अडलं नाही. काच कोरडी होती, आरपार स्वच्छ.

मी किल्ली फिरवणार, तेवढ्यात तिच्यावर वाफेचा गोल उठला. बशीएवढा. मी बोट लावून पाहिलं. बोटाने पुसला जाईना. तो बाहेरून होता.

टाकीच्या आसपास कोणी नव्हतं. रस्त्यावर कोणी नव्हतं.

आई पुढे झुकली. सीटच्या फटीतून तिने हात घातला आणि आतून, गोलाच्या बरोब्बर समोर, काचेवर तळवा टेकवला. तो तसाच ठेवला. गोल कडांनी आक्रसत गेला, सावकाश, एकाच लांब श्वासाएवढा, आणि तिच्या तळव्यामागे संपला.

आम्ही पुढच्याची वाट पाहिली. आला नाही.

७

त्या संध्याकाळी ग्लासातलं पाणी दोऱ्याच्या दोन बोटं खाली होतं. खिडकी दिवसभर उघडी राहिली होती. आईनेच निघताना उघडून ठेवली होती, हे तिने मला नंतर सांगितलं. त्यामुळे पाणी उडालं असेल. आईने ते अक्रोडाच्या मुळाशी ओतलं, ग्लास धुतला आणि कपाटात बाकीच्या ग्लासांमध्ये ठेवून दिला.

आता ती पुढे बसते. टोपी, दोन शाली, बाबांचा लोकरी गळपट्टा, सगळं गुंडाळून. आणि स्वतःच्या हाताने काच बोटभर खाली घेते. दर वेळी म्हणते, "मरायचंच आहे तर रस्ता बघत मरू." मी कागद घेऊन चालवतो, पण फारसा लागत नाही.

दर रविवारी मी काचा घासतो. व्लास्ता काका येऊन उभे राहतात आणि सूचना देतात.

"ती एक राहिली," परवा ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांना ते कसं दिसलं देव जाणे.

"राहू दे काका."

"विसरलास की काय?"

"नाही विसरलो."

टपावर थाप मारावी म्हणून त्यांनी हात उचलला आणि मग तो खिशात घातला.

त्या काचेला मी साबण लावत नाही, बटाटा नाही, फेस नाही. ओल्या सकाळी तिच्यावर वाफ धरते, कुठल्याही गाडीच्या काचेवर धरते तशी, आणि वाफेत आईच्या तळव्याचा ठसा उमटतो, पाची बोटं, अंगठीच्या जागी खाच. कातडीचं तेल काचेवर राहतं, त्यावर वाफ बसत नाही, म्हणून तो दिसतो. कारण साधं आहे.

तरीही आई बाहेर यायच्या आधी मी एकदा शेडमध्ये जाऊन बघतो. आतून बघतो आणि मग बाहेरून. ठसा एकच असतो. मग मी तिला हाक मारतो.